‘सिस्टम हँग झालीये’ एवढं सांगून भागत नाही: ऑफिसातले छोटे बिघाड आणि तीन मोठे धडे

विंडोजची ती जगप्रसिद्ध निळी स्क्रीन आता काळी झाली आहे. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा बदल जाहीर केला. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत संगणक क्रॅश झाला की जुना निळा पडदा, तो रडका चेहरा आणि क्यूआर कोड, सगळं जाणार. त्याजागी साधी काळी स्क्रीन येणार आणि खाली कामाच्या दोन गोष्टी दिसणार: स्टॉप कोड, आणि कोणत्या ड्रायव्हरमुळे गडबड झाली त्याचं नाव.

इंटरनेटवर यावर भरपूर मीम्स झाले. तीस वर्षांहून जास्त काळ आपल्याला घाबरवणाऱ्या स्क्रीनने फक्त कपडे बदलले, असा एकूण सूर. मला मात्र त्या खालच्या दोन ओळी महत्त्वाच्या वाटतात. क्रॅश झाल्यावर तुम्ही आयटीवाल्यांना फोन करता तेव्हा त्यांना नेमकं हेच हवं असतं, आणि आपण नेमकं हेच सांगत नाही. आपण सांगतो, “अहो, काहीतरी आलं स्क्रीनवर आणि बंद पडला.”

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. दर काही आठवड्यांनी माझी ऑन-कॉलची पाळी येते, म्हणजे त्या आठवड्यात रात्री-अपरात्री काही बंद पडलं तर फोन मला येतो. त्यामुळे तक्रारी वाचण्याचा मला चांगलाच अनुभव आहे. “नॉट वर्किंग, अर्जंट” एवढंच लिहिलेलं तिकीट आलं की पुढची वीस मिनिटं ‘काय’ वर्किंग नाही, हे शोधण्यात जातात. ज्याने तिकीट टाकलंय तो तोपर्यंत जेवायला गेलेला असतो.

हा विषय वरवर कंटाळवाणा आहे. प्रिंटर अडकला, लॉगिन होईना, एन्ट्री दोनदा पडली, यात कसली आलीये बातमी? पण गेल्या पंचवीस वर्षांतल्या तीन घटना बघितल्या तर कळतं की मोठमोठे घोटाळे अशाच कंटाळवाण्या तक्रारींच्या रूपात समोर आले होते. कधी ती तक्रार नीट वाचली गेली नाही, कधी कुणी केलीच नाही, आणि कधी केली तर करणाऱ्यालाच चोर ठरवलं गेलं.

पहिली घटना: हे फक्त माझ्याकडेच होतंय का?

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटं. आपल्याकडे लोक नुकते ऑफिसात येऊन चहा घेत होते. क्राउडस्ट्राइक नावाच्या सायबर सुरक्षा कंपनीने तिच्या ‘फाल्कन’ या सॉफ्टवेअरसाठी एक छोटीशी अपडेट फाइल जगभर पाठवली. काही मिनिटांत विंडोज संगणक निळे पडायला लागले. रीस्टार्ट केला की पुन्हा निळा. पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा निळा.

चूक काय होती, तेही समजून घेऊ, कारण ती गमतीशीर इतकी साधी आहे. नव्या नियमांना माहितीचे २१ रकाने अपेक्षित होते, पण संगणकावर बसलेला प्रोग्राम २०च रकाने पुरवत होता. प्रोग्राम एकविसावा रकाना वाचायला गेला आणि मेमरीतल्या भलत्याच जागी पोहोचला. एखाद्या साध्या ॲपमध्ये असं झालं असतं तर फक्त ते ॲप बंद पडलं असतं. पण फाल्कन हे विंडोजच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतं. तिथे चूक झाली की विंडोज स्वतःला वाचवण्यासाठी सगळंच थांबवतं.

कंपनीने ७८ मिनिटांत, म्हणजे आपल्या १०:५७ ला, ती फाइल मागे घेतली. पण तोपर्यंत मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणकांना फटका बसला होता. एकूण विंडोज संगणकांच्या हिशेबात हे १ टक्क्याहूनही कमी. पण ते कुठले? विमानतळांचे, रुग्णालयांचे, बँकांचे. आपल्याकडे विमान कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी हाताने लिहून बोर्डिंग पास दिले आणि त्यांचे फोटो दिवसभर फिरत राहिले. रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी सांगितलं की देशातल्या फक्त १० बँका आणि वित्तसंस्थांमध्ये किरकोळ अडचण आली. अमेरिकेत डेल्टा एअरलाइन्सला मात्र पाच दिवसांत सुमारे ७ हजार उड्डाणं रद्द करावी लागली.

आता हीच गोष्ट एका डेस्कवरून बघा. तुमचा लॅपटॉप निळा पडला. तुम्हाला काय वाटणार? काल रात्री आपण काहीतरी डाउनलोड केलं होतं, त्यामुळे झालं असेल. किंवा लॅपटॉप जुना झालाय. शेजारच्यालाही असंच वाटतंय आणि तोही गप्प बसून पॉवरचं बटण दाबतोय. मान वर करून “तुझ्याकडेपण झालं का?” असं विचारेपर्यंत प्रत्येकाची अडचण खासगी असते. विचारलं की तीच एक घटना होते.

आयटीच्या बाजूने हा फरक प्रचंड आहे. एक लॅपटॉप बंद म्हणजे हार्डवेअर तपासा. एकाच मजल्यावरचे दहा लॅपटॉप, दहा मिनिटांत, एकाच कोडसह बंद म्हणजे हात लावू नका, आधी काय बदललं ते शोधा. त्यामुळे कुठल्याही तक्रारीतला सगळ्यात मौल्यवान शब्द असतो, ‘किती जणांना’.

त्या दिवशी गोंधळात भर घालणारी अजून एक गोष्ट होती. त्याच्या काही तास आधी मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडमध्ये, अमेरिकेतल्या एका भागात, वेगळाच बिघाड झाला होता. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण बातम्यांत आणि ग्रुपवर ‘मायक्रोसॉफ्ट डाउन’ असं एकच लेबल लागलं. ज्यांच्या स्क्रीनवर नक्की काय दिसतंय याची नोंद होती, त्यांना दोन आजार वेगळे करता आले. बाकीचे अंदाज बांधत बसले.

आणि उपाय? संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा, एका फोल्डरमधली ती खराब फाइल काढून टाकायची, पुन्हा सुरू करायचा. दहा मिनिटांचं काम, पण प्रत्येक मशीनपाशी जाऊन करायचं. शिवाय ज्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी सोय चालू होती, तिथे ४८ आकडी रिकव्हरी की लागत होती. कुठल्या लॅपटॉपची की कुठे ठेवलीये, हे ज्यांनी लिहून ठेवलं होतं ते सुटले. काही ठिकाणी तर ज्या सर्व्हरवर या कीज ठेवलेल्या, तोच सर्व्हर निळा पडलेला. किल्ली आत आणि दार बंद.

याच गडबडीत चोरांनी हात धुऊन घेतले. ‘क्राउडस्ट्राइक दुरुस्ती’ अशा नावाच्या झिप फाइल्स, खोट्या वेबसाइट्स, ‘मी सपोर्टमधून बोलतोय’ असे फोन सुरू झाले. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनेही अशा फिशिंगबद्दल इशारा दिला. म्हणून मदत मागताना ती कुठून मागायची, हा क्रमांक बिघाड होण्याआधीच फोनमध्ये सेव्ह असायला हवा. घाबरलेल्या अवस्थेत गूगलवर शोधलेला हेल्पलाइन नंबर चोराचाही असू शकतो.

दुसरी घटना: प्रिंटर नेहमीच अडकतो

फेब्रुवारी २०१६. ढाका, बांगलादेश बँक, म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेसारखी त्यांची मध्यवर्ती बँक. मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावर, कडक बंदोबस्तातल्या खोलीत एक प्रिंटर होता. परदेशी बँकांशी होणाऱ्या व्यवहारांचे स्विफ्ट संदेश तो चोवीस तास आपोआप छापत असे. ५ फेब्रुवारीला, शुक्रवारी सकाळी, ट्रेमध्ये एकही कागद नव्हता.

कर्मचाऱ्यांनी हाताने प्रिंट द्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. शुक्रवार हा तिथे सुट्टीचा दिवस. प्रिंटर आधीही असाच अडकला होता. त्यामुळे हाही नेहमीचाच बिघाड असं त्यांनी धरलं. ड्युटीवरच्या अधिकाऱ्याने नंतर पोलिसांना साधारण असंच सांगितलं.

प्रत्यक्षात आदल्या रात्री हॅकर्सनी बँकेच्या यंत्रणेतून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला पैसे पाठवण्याच्या ३५ सूचना दिल्या होत्या. एकूण रक्कम ९५ कोटी १० लाख डॉलर. आणि त्याचा पुरावा कागदावर उमटू नये म्हणून छपाईची व्यवस्था त्यांनीच बिघडवून ठेवली होती. प्रिंटर सुरू झाला तेव्हा न्यूयॉर्कहून आलेले संदेश बाहेर पडले, की एवढ्या मोठ्या सूचना तुम्हीच दिल्यात ना? पण तोपर्यंत न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार लागला होता.

पैसे पाठवण्याच्या बहुतेक सूचना अडकल्या. तरी १० कोटी १० लाख डॉलर बाहेर गेले. श्रीलंकेला गेलेले २ कोटी परत आले, कारण चोरांनी ‘फाउंडेशन’ या शब्दाचं स्पेलिंग चुकवलं होतं आणि एका बँकेला शंका आली. उरलेले ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समधल्या खात्यांत पोहोचले आणि तिथून बरेचसे जुगारअड्ड्यांत विरघळले.

प्रिंटर अडकला म्हणून कुणी सायबर हल्ल्याचा आरडाओरडा करावा, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर आपल्या प्रत्येक ऑफिसात रोज आणीबाणी लागेल. पण दोन गोष्टी होऊ शकतात. एक म्हणजे, कुठली यंत्रं ‘साधी’ आणि कुठली ‘जोखमीची’ याची यादी. रजेचे अर्ज छापणारा प्रिंटर आणि कोट्यवधींच्या व्यवहारांची नोंद छापणारा प्रिंटर दिसायला सारखेच असतात, पण दुसरा बंद पडला तर तासाभरात वर कळवलंच पाहिजे, सुट्टी असो वा नसो.

दुसरी गोष्ट, ‘नेहमीचंच आहे’ हे वाक्य तपासून बघायची सवय. नेहमी कधी? मागच्या वेळी कशाने झालं होतं? तेव्हा कुठली एरर आली होती आणि आज कुठली आली? याची उत्तरं नोंदीत असतील तर दोन मिनिटांत फरक कळतो. नोंद नसेल तर प्रत्येक बिघाड मागच्यासारखाच वाटतो.

महाराष्ट्राला हे काही लांबचं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी ११ ऑगस्टचा शनिवार निवडला होता, आणि स्विफ्टमार्फत हाँगकाँगला पैसे पाठवले ते १३ तारखेला. सुट्टीच्या दिवशी विचित्र काही दिसलं तर कुणाला फोन करायचा, हा प्रश्न त्यानंतर आपल्याकडच्या सहकारी बँकांना नवा राहिलेला नाही.

तिसरी घटना: तक्रार केली, आणि आरोपी झाले

तिन्हींत ही घटना मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. ब्रिटनमध्ये १९९९ पासून पोस्टाच्या शाखांत ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेब प्रणाली बसवली गेली. बनवणारी कंपनी पुढे फुजित्सूच्या नावाने ओळखली गेली. तिथे गावोगावची पोस्ट ऑफिसं बहुतेक वेळा खासगी दुकानदार करारावर चालवतात. त्यांना सब-पोस्टमास्टर म्हणतात. दिवसाखेर स्क्रीनवरची रक्कम आणि गल्ल्यातली रोकड जुळली नाही, तर फरक त्यांनी खिशातून भरायचा, असा करार.

आणि रक्कम जुळेना. जो हॅमिल्टन या हॅम्पशायरमधल्या सब-पोस्टमिस्ट्रेसला सुमारे २ हजार पौंडांची तूट दिसली. हेल्पलाइनने सांगितलेली बटणं त्यांनी दाबली आणि तूट डोळ्यांसमोर दुप्पट झाली. वेल्समधल्या ॲलन बेट्स यांनी हेल्पलाइनला पुन्हा पुन्हा फोन केले, आकड्यांवर सही करायला नकार दिला, आणि २००३ मध्ये त्यांचा करारच संपवण्यात आला. तक्रार करणाऱ्या अनेकांना एकच उत्तर मिळत होतं: असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय.

हे उत्तर खोटं होतं. पण वेगवेगळ्या गावांत एकटे बसलेल्या माणसांना ते पडताळणार कसं? पहिल्या घटनेतला ‘तुझ्याकडेपण झालं का?’ हा प्रश्न विचारायला त्यांच्या शेजारी कुणी नव्हतं. सगळ्यांची तिकिटं ज्या एकाच ठिकाणी जमत होती, तिथल्यांना चित्र दिसू शकत होतं, आणि तिथून ते बाहेर आलं नाही.

१९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. बहुतेक खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच चालवले. मूळच्या भारतीय असलेल्या सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१० मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्या तेव्हा गरोदर होत्या. त्यांची शिक्षा रद्द व्हायला एप्रिल २०२१ उजाडावा लागला. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने होरायझनमध्ये दोष होते हे स्पष्ट केलं. शाखेतल्या माणसाला न कळता फुजित्सूचे कर्मचारी लांबून हिशेबात बदल करू शकत होते, हेही सिद्ध झालं. पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं हे नाकारत आलं होतं. जानेवारी २०२४ मधल्या एका टीव्ही मालिकेने देश हादरला, आणि मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. ८ जुलै २०२५ ला चौकशीच्या अहवालाचा पहिला भाग आला. किमान १३ आत्महत्यांमागे हे प्रकरण असू शकतं, असं त्यात नोंदवलं आहे.

या प्रकरणातला एक बग आपण रोज बघतो त्याचा सख्खा भाऊ आहे. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन गावच्या शाखेत ८ हजार पौंड दुसरीकडे हलवल्याची नोंद करताना स्क्रीन अडकली. समोरच्या व्यक्तीने पुन्हा एंटर दाबलं, पुन्हा दाबलं. स्क्रीनवर काहीच हललं नाही, पण आत नोंद चार वेळा झाली. कागदोपत्री २४ हजार पौंड जास्तीचे गेले.

मी हे वाचलं तेव्हा मला माझी मावसबहीण आठवली. ती एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कॅशियर आहे. तिच्याकडे सॉफ्टवेअर महिन्यातून दोन-तीनदा असंच अडकतं, आणि शाखेतला अलिखित नियम असा की हँग झालं तर एन्ट्री पुन्हा मारायची. संध्याकाळी फरक आला तर तो कॅशियरचा. तिने आता एक वही ठेवलीये. अडकलं की वेळ, खातं, रक्कम, स्क्रीनवरचा मेसेज, सगळं त्यात. वरिष्ठ आधी हसले. पण तीन महिन्यांनी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचा माणूस आला तेव्हा सगळ्यात आधी त्याने ती वहीच मागितली. सगळ्या नोंदी दुपारी एक ते दोनच्या दरम्यानच्या निघाल्या, आणि त्याच वेळेला बॅकअप चालू असायचा.

कायदा काय म्हणतो

इंग्लंडमध्ये एकेकाळी संगणकाचा पुरावा दाखल करताना तो नीट चालत होता हे दाखवावं लागे. १९९९ च्या एका कायद्याने ती अट काढली, आणि संगणक बरोबरच असतो असं धरून चालायला सुरुवात झाली. होरायझनच्या आरोपींना हेच महागात पडलं, कारण तो चुकतोय हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावर आली, आणि आतली माहिती समोरच्याकडे होती.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्या काळात यंत्र नीट चालत होतं, किंवा बिघाड होता तर त्याचा नोंदीवर परिणाम झाला नाही, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. आता विचार करा, बिघाडाचं तिकीट कुणी टाकलंच नसेल, तर कागदावर ते यंत्र वर्षभर निरोगीच दिसणार. तुमची तारखेसह केलेली तक्रार इथे उपयोगी पडते.

दुसरा नियम सर्ट-इनचा. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कंपन्यांनी ६ तासांच्या आत कळवायच्या आहेत. हे ६ तास मोजायचे कधीपासून? घटना लक्षात आल्यापासून किंवा कुणी लक्षात आणून दिल्यापासून. तो ‘कुणी’ म्हणजे रिसेप्शनवर बसलेली तुमची मैत्रीणही असू शकते.

मग तक्रार लिहायची कशी?

दोन नमुने देते. पहिला, जो मला रोज येतो:

“सर, सॉफ्टवेअर चालत नाहीये. सकाळपासून प्रॉब्लेम आहे. प्लीज लवकर बघा. अर्जंट.”

दुसरा:

“सकाळी १०:१२ पासून बिलिंगमध्ये ‘सेव्ह’ दाबल्यावर स्क्रीन अडकते. ‘टाइमआउट’ असा मेसेज येतो, फोटो जोडला आहे. लॉगिन आणि जुनी बिलं दिसतायत. माझ्याकडे आणि शेजारच्या काउंटरवर, दोन्हीकडे होतंय. वरच्या मजल्यावर नाही. काल संध्याकाळपर्यंत ठीक होतं. एकदा रीस्टार्ट केलं, फरक नाही. बिल क्रमांक लिहून ठेवलाय, पुन्हा एन्ट्री केलेली नाही. काउंटरवर आठ गिऱ्हाईकं थांबली आहेत.”

दुसरा लिहायला दोन मिनिटं जास्त लागतात. पण तो वाचून मला लगेच कळतं की मशीन ठीक आहे, लॉगिन ठीक आहे, अडचण खालच्या मजल्याच्या नेटवर्कमध्ये असावी, आणि घाई खरी आहे. ‘आठ गिऱ्हाईकं थांबली आहेत’ हे ‘अर्जंट’पेक्षा कितीतरी जास्त सांगतं.

लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून थोडक्यात:

• कधी: घड्याळातली वेळ. ‘सकाळपासून’ नको. सर्व्हरच्या लॉगमध्ये एका मिनिटात शेकडो ओळी असतात.
• काय करत होतात, काय व्हायला हवं होतं, काय झालं: या क्रमाने.
• स्क्रीनवरचे शब्द जसेच्या तसे: स्क्रीनशॉट घ्या, आणि मशीन पूर्ण अडकली असेल तर मोबाइलने फोटो काढा. निळी असो वा काळी, स्टॉप कोड फोटोत आला पाहिजे.
• किती जणांना: शेजारी विचारा.
• काय बदललं: नवीन अपडेट, पासवर्ड बदल, जागा बदल, नवीन केबल.
• तुम्ही काय करून बघितलं: खरं सांगा. काही क्लिक केलं असेल तर तेही. डॉक्टरपासून लपवल्यासारखं आयटीपासून लपवू नका.

फोटो पाठवताना मात्र सांभाळून. स्क्रीनवर गिऱ्हाईकाचा आधार क्रमांक, खाते क्रमांक, ओटीपी दिसत असेल तर तो भाग झाका, आणि फोटो ऑफिसच्या शंभर जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर टाकलेली तक्रार तशीही ‘गुड मॉर्निंग’च्या खाली गाडली जाते. फोनवर बोललात तरी नंतर दोन ओळींचा मेल किंवा तिकीट टाका आणि त्याचा नंबर जपून ठेवा.

आणि पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही, आयटीवाल्यालाही नाही. खऱ्या आयटीवाल्याला तुमचा पासवर्ड लागतच नाही. समोरून आलेल्या फोनवर कुणी स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगत असेल तर फोन ठेवा आणि तुमच्याकडे सेव्ह असलेल्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री करा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवा.

रीस्टार्टचं काय?

यावर आयटीवाल्यांची खूप टिंगल होते, पण रीस्टार्ट खरंच काम करतं. बराच वेळ चालू असलेल्या मशीनमध्ये मेमरी भरते, एखादी प्रक्रिया लटकते. पुन्हा सुरू केल्यावर पाटी कोरी होते. क्राउडस्ट्राइकच्या दिवशीसुद्धा मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं की अझूरवरच्या काही मशीन्स तब्बल १५ वेळा रीस्टार्ट केल्यावर सुरू झाल्या.

पण रीस्टार्टने पाटी पुसली जाते, म्हणजे त्यावर लिहिलेलंही जातं. त्यामुळे आधी फोटो, मग रीस्टार्ट. आणि व्हायरसची किंवा खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरची शंका असेल, फाइल्सची नावं अचानक बदललेली दिसत असतील, तर रीस्टार्टही नको. नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा, मशीन तशीच चालू ठेवून फोन करा. पैशांची किंवा स्टॉकची एन्ट्री करताना अडकलं तर आधी ती पडली की नाही ते दुसऱ्या स्क्रीनवरून बघा, मगच पुन्हा दाबा.

ऐकणाऱ्यांची जबाबदारी

इतका वेळ तक्रार करणाऱ्याबद्दल बोलले. पण होरायझनमधल्या लोकांनी तक्रारी केल्याच होत्या. तिथे ऐकणारी बाजू कमी पडली, आणि त्या बाजूला मीही बसते. त्यामुळे माझ्या क्षेत्रातल्यांसाठी थोडंसं.

‘आमच्याकडे तर चालतंय’ हे वाक्य आम्ही सोडून दिलं पाहिजे. ज्याच्या स्क्रीनवर चूक दिसतेय तो खोटं बोलतोय असं धरून तपास सुरू केला तर बग कधीच सापडत नाही. तिकीट बंद करताना ‘रिझॉल्व्ह्ड’ एवढंच न लिहिता कशामुळे झालं ते एका ओळीत लिहिलं, तर पुढच्या वेळी तो बिघाड ‘नेहमीचा’ आहे का ते कुणालाही तपासता येतं. आणि महिन्याच्या शेवटी सगळी तिकिटं एकत्र वाचणारा एक माणूस हवा. एकेकटी वाचली तर ती किरकोळ असतात.

चुकीच्या लिंकवर क्लिक झालं हे दहा मिनिटांत येऊन सांगणाऱ्याला ओरडा बसला, तर पुढचा माणूस दोन दिवसांनी सांगेल, किंवा सांगणारच नाही. त्या दोन दिवसांत काय होऊ शकतं ते ढाक्यात दिसलं.

तुम्ही नुकतेच नोकरीला लागला असाल तर सगळ्यात मोठी भीती हीच असते, की ‘मला येत नाही’ असं लोकांना वाटेल. म्हणून आपण बिघाड स्वतःवर घेतो, गुपचूप जुगाड करतो, फरक खिशातून भरतो. तसं करू नका. यंत्र चुकू शकतं, हे आता एका देशाच्या संसदेने कायदा करून मान्य केलंय. तुमच्या ऑफिसात तिकीट टाकायची सोय नसेल तर दहा रुपयांची वही पुरते. पहिल्या पानावर आजची तारीख टाका.